शेजारणीसाठी प्रार्थना

आमच्या मंडळीत एक पद्धत आहे. प्रार्थनेला गुडघे टेकण्याआधी ज्याचं जे दुखणंखुपणं असेल ते त्याने सगळ्यांसमोर सांगायचं, म्हणजे सगळे मिळून त्यासाठी देवाकडे मागतात. याला आम्ही ‘विषय देणं’ म्हणतो. कुणाच्या मुलीचं लग्न जमत नाही, कुणाचा नवरा पितो, कुणाच्या पोटात गाठ निघाली. बाहेरच्या माणसाला वाटेल, एवढं घरातलं चारचौघांत कसं काय बोलतात ही माणसं! आम्हाला नाही वाटत. आम्ही त्यातच वाढलो.

मी धुळ्याच्या मिशन बोर्डिंगात वाढले. रोज संध्याकाळी जेवणाआधी आम्हा मुलींना रांगेत बसवून मेट्रन एकेकीला विषय विचारायच्या. ‘काही नाही’ असं म्हणायची सोय नव्हती. एकदा मला काहीच सुचेना, तेव्हा मी सांगून टाकलं की माझी आई फार आजारी आहे. आई खेड्यावर ठणठणीत होती. पण सगळ्या मुली रडल्या, मेट्रनही रडल्या, आणि मला त्या दिवशी ताटात जास्तीचा गुळाचा खडा मिळाला. चार दिवसांनी मेट्रनचं पत्र वाचून बाबा धावतपळत बोर्डिंगात आले आणि माझं बिंग फुटलं. बाबा उपदेशक होते, हात उगारायचे नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी मला बदडलं. खोटा विषय द्यायचा नाही, हे मी तेव्हा शिकले. खऱ्याबद्दल मला कुणी काही शिकवलं नाही.

पुढे नर्सिंग केलं आणि जळगावला एका लहानशा मिशन दवाखान्यात लागले. लग्न केलं नाही. का, ते विचारू नका, तो या गोष्टीचा भाग नाही. तिथल्याच मेहरूण भागात दोन खोल्या भाड्याने घेऊन एकटी राहायचे. ही साल ऐंशीनंतरची गोष्ट. घरमालकाने एकाच ओळीत चार बिऱ्हाडं बांधली होती, मागे सगळ्यांना मिळून एक मोरी, आणि दोन बिऱ्हाडांमध्ये कमरेएवढी भिंत. माझ्या शेजारी बोदवडकडचं शेतकरी कुटुंब होतं. मुलगा इथे कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर कारकून, म्हणून ते गावातली शेती थोरल्यावर सोपवून शहरात आले होते. सासू, मुलगा, सून, लग्नाची एक नणंद आणि सुनेची अडीच वर्षांची पोर.

सून चोपड्याकडची. तिच्या माहेरी अहिराणी बोलायचे आणि सासरी पूर्वेकडची बोली, त्यामुळे तिने तोंड उघडलं की नणंद हसायची. म्हणून ती सासरी फारशी बोलायचीच नाही. माझ्याशी मात्र भिंतीवरून घडाघडा बोलायची. मला अक्का म्हणायची. मला कुणी अक्का म्हणत नव्हतं, सगळे सिस्टर म्हणायचे, त्यामुळे मी लगेच पाघळले हे कबूल करते.

एके सकाळी ती मागे चुलीवर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी करत होती. मी भिंतीशी उभी राहून ड्युटीला जाण्याआधी केस विंचरत होते. मला मांस करपल्याचा वास आला. बघते तो काय, बाईचं बोट तव्याच्या कडेला टेकलेलं, आणि ही आपली पोरीला काहीतरी सांगत हसतेय. मी ओरडले. तिने बोट उचललं, बघितलं, आणि म्हणाली, “अरे देवा, जयनं वाटतं!” जळालं वाटतं! जणू दुसऱ्या कुणाचं बोट होतं.

मी तिला घरात बोलावलं. हात बघितला, कोपराच्या आतली नस चाचपली, ती दोरीसारखी जाड लागली. मग पदर बाजूला करून पाठ बघितली. कापसाच्या बोळ्याने शिवलं तर तिला कळत नव्हतं. मी दवाखान्यात आठवड्यातून दोन दिवस याच रोगाच्या माणसांचं काम करायचे. मला कुणी सांगायची गरज नव्हती.

“काय शे अक्का?” तिने विचारलं.

मी सांगितलं. कुष्ठरोग म्हटलं, तिला कळलं नाही. मग दुसरा शब्द म्हटला. तो कळला. ती खाली बसली आणि पोरीला तिने अंगापासून दूर ढकललं. पोर रडायला लागली. मी पोरीला उचलून परत तिच्या मांडीवर ठेवलं आणि मोठ्याने म्हणाले, “वेडी आहेस का? औषध आहे याला. पूर्ण बरं होतं. पहिला डोस पोटात गेला की पोरीला काही व्हायचं नाही.” आणि ते खरं होतं. नवी औषधं तेव्हा नुकतीच आली होती, दोन वर्षं न चुकता घेतली की माणूस बरा. आमचे डॉक्टर म्हातारे होते, जुने दिवस त्यांनी पाहिले होते, ते त्या गोळ्यांच्या पाकिटाला हात जोडायचे.

तिची एकच अट होती. घरात कळता कामा नये. नणंदेला बघायला माणसं येत होती. वहिनीला महारोग म्हटल्यावर कोण येणार? आणि सासू तिला एक रात्र घरात ठेवणार नाही, हे तिला माहीत होतं. तिने माझे दोन्ही हात धरले. “अक्का, तुम्हले मनी पोरनी शपथ.” मी म्हटलं, आम्ही शपथ घेत नाही, पण माझा शब्द आहे.

पाकिटं माझ्या कपाटात राहायची. रोज सकाळी ती विरजणाची वाटी घेऊन माझ्याकडे यायची, पोर कडेवर, आणि माझ्या समोर गोळी गिळायची. महिन्यातून एकदा मोठा डोस असायचा, त्या दिवशी लघवी लाल व्हायची. मी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून ती घाबरली नाही. औषधाने कातडी काळसर तांबूस व्हायला लागली. सासू म्हणायची, सून उन्हाने काळवंडली. आम्ही दोघी त्यावर हसायचो. हो, हसायचो! पाच महिने आम्ही असे चोरून हसत काढले. पोर माझ्या घरात हक्काने फिरायची, पाटीवरची पेन्सिल खायची आणि मला ‘अक्का’ म्हणता येत नाही म्हणून ‘अत्ता’ म्हणायची.

आमची बायकांची प्रार्थनासभा बुधवारी दुपारी व्हायची, पाळीपाळीने एकेकीच्या घरी. त्या बुधवारी माझ्याशिवाय आठजणी होत्या. मी ड्युटीवरून थेट गेले होते. सकाळी तिचं बोट थोडं वाकडं वाटलं होतं, करंगळी सरळ होत नव्हती, आणि माझ्या जिवाला घोर लागला होता. डॉक्टर म्हणाले होते, औषध चालू असतानाही कधी कधी नसा बिघडतात, लक्ष ठेवा. तो घोर घेऊनच मी बसले होते. विषय द्यायची माझी पाळी आली.

मी नाव घेतलं नाही. एवढं शहाणपण होतं. मी म्हटलं, “माझी शेजारीण आहे, तरणी आहे, पोर लहान आहे. तिला कुष्ठरोग झालाय. घरी कुणाला माहीत नाही, माझ्याकडे येऊन गोळ्या घेते. तिचा हात वाचावा, तिचं औषध पूर्ण व्हावं, म्हणून प्रार्थना करा.”

दवाखान्यात मी पेशंटचं कधी कुणाला अवाक्षर सांगितलं नव्हतं. बाजारात पेशंट दिसला तर ओळख न दाखवता पुढे जायचे. कुणी विचारलं असतं, तुमच्या शेजारणीला काय झालंय, तर मी जीव गेला तरी बोलले नसते. पण तिथे मला मी कुणाला काही सांगतेय असं वाटलंच नाही. मी देवाला सांगत होते. आठ बायका मध्ये बसल्या होत्या, एवढंच. आणि काय प्रार्थना केली त्यांनी! एकजण तर हुंदके देऊन रडली. मी घरी येताना हलकी होऊन आले. मला वाटलं, आता तिचा हात वाचणार.

नवव्या दिवशी शेजारी बोलाचाली ऐकू आली. मी ड्युटीवरून येत होते. दारात एक टेम्पो उभा होता. तिचा भाऊ चोपड्याहून आला होता आणि ती ट्रंक घेऊन टेम्पोत बसलेली होती. पोर तिच्याजवळ नव्हती. पोर आत रडत होती आणि दाराला आतून कडी होती.

मी सासूकडे धावले. सांगितलं, अहो आत्या, औषध चालू आहे, तिच्यापासून कुणाला काही होत नाही, मी रोज तिच्या हातचा चहा पिते, मला झालंय का काही? सासूने मला आत घेतलं नाही. उंबऱ्यावरूनच म्हणाली, “तुमचं काय बाई, तुमाले ना लेक ना सून. माह्या घरात लग्नाची पोर आहे.” दुष्ट बाई नव्हती ती. मला माझ्या आजारपणात तिने आठ दिवस वरण पोचवलं होतं. पण त्या दिवशी तिचे डोळे बघून मी मागे फिरले.

नवरा टेम्पोच्या चाकाशी उभा होता. मेव्हण्याला एवढंच म्हणाला, “औषध पूर्ण झाल्याचा कागद आणा. मग बघू.” बायकोकडे त्याने बघितलं नाही. माझ्याकडे एकदाच बघितलं, आणि मला ते आवडलं नाही.

कसं कळलं ते मला पुढच्या बुधवारी समजलं. सभेत आधी साक्षी होतात, म्हणजे देवाने काय उपकार केले ते सांगायचं. आमच्यातली एकजण, जी हुंदके देऊन रडली होती तीच, उठून म्हणाली की तिचे मिस्टर त्याच जिनिंगमध्ये आहेत. सिस्टरची शेजारीण म्हणजे काट्यावरच्या कारकुनाची बायको, हे त्यांनी ओळखलं. त्यांना फार कळवळा आला. त्यांनी त्याला बाजूला घेतलं, खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं, “काळजी करू नका, तुमच्या मिसेससाठी आमच्या मंडळीत प्रार्थना चालू आहे.” आणि ही बाई डोळे पुसत म्हणाली, “बघा, एका परक्या माणसाला धीर द्यायची संधी देवाने आम्हाला दिली.”

मला तिच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या. खरं सांगते, बायबल मांडीवर होतं आणि माझ्या मनात तेवढंच होतं. मग लक्षात आलं, हिच्या झिंज्या का उपटायच्या? तोंड कुणी उघडलं होतं? त्या सभेत एकही वाईट माणूस नव्हता. सगळ्यांनी तिचं भलंच चिंतलं होतं, आणि भलं चिंतून चिंतून आम्ही तिला घराबाहेर काढलं होतं.

मी डॉक्टरांना काय झालं ते सांगितलं. ते म्हणाले, “पाकिटं घेऊन तुम्ही स्वतः जा. औषध तुटू देऊ नका.” म्हणून दर महिन्याच्या सुट्टीत मी चोपड्याची एस.टी. पकडायला लागले. तापीचा पूल ओलांडून, फाट्यावर उतरून, तिथून केळीच्या बागांमधून अर्धा तास चालत.

भावाने तिला गावात ठेवलं नव्हतं. मळ्यात विहिरीवर मोटारीची खोली होती, त्यात एक खाट टाकून दिली होती. गावात सांगितलं होतं, नवऱ्याशी पटत नाही, मळा राखते. भावजय रोज बांधावर ताट ठेवून जायची आणि ती खोलीत शिरेपर्यंत लांब उभी राहायची. मोटार सुरू झाली की त्या खोलीत बोललेलं ऐकू यायचं नाही, आम्ही बाहेर केळीच्या सावलीत बसायचो.

पहिल्या खेपेला ती मला बघून खूप रडली. मग पाणी पिऊन म्हणाली, “नणंदनीच दखं अक्का. तिन्हीच पाकीट दखं व्हई.” नणंदेनेच बघितलं असणार, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. आदल्या आठवड्यात नणंद माझ्याकडे साखर मागायला आली होती, तेव्हा कपाट उघडं होतं म्हणे. नवऱ्याने तिला काहीच सांगितलं नव्हतं. कुणी सांगितलं, असं तिने विचारलं तर एवढंच म्हणाला होता, “सगळ्या जळगावला माहीत आहे.” मग तिने नणंदेला मनसोक्त शिव्या घातल्या, अहिराणीत, अगदी ठेवणीतल्या.

मी गप्प बसले. पाकीट काढलं, मोठा डोस तिच्या तळहातावर ठेवला, पाणी दिलं. तिने गोळ्या गिळल्या. मी म्हटलं, अजून एवढी पाकिटं आहेत, मग कागद मिळेल, मग पोर.

“पोर कशी शे?” हा तिचा पहिला प्रश्न असायचा, आणि शेवटचाही. मी भिंतीवरून बघितलेलं सगळं साठवून न्यायचे. पोरीला बालवाडीत घातलं. पोरीने नवा फ्रॉक चिखलात लोळवला आणि आजीचा मार खाल्ला. पोर आता ‘अक्का’ स्पष्ट म्हणते. पोर विचारते, माय कधी येणार, तर आजी सांगते, मामाच्या गावाला गेलीय. ती एकेक गोष्ट तीन तीनदा विचारायची. मग पुढचा महिना त्यावर गोळ्या घ्यायची. एक दिवस चुकवला नाही तिने. करंगळी वाकडी होती तेवढीच राहिली, बाकीचा हात वाचला. पाठीवरचा चट्टा विरायला लागला. मी दर खेपेला बघायचे आणि माझा ऊर भरून यायचा. असे दहा महिने गेले. पंधरा पाकिटं संपली होती, नऊ राहिली होती.

आणि इकडे मी प्रभुभोजनाचा प्याला घेत नव्हते.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे भाकर आणि द्राक्षारस देतात. त्याआधी पाळकसाहेब बजावतात की कुणाचा अपराध केला असेल तर आधी त्याच्याकडे जाऊन समेट करा, मग हात पुढे करा. ते ऐकलं की माझा हात उठत नसे. ताट माझ्यासमोरून पुढे जायचं. पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं नाही. चौथ्या-पाचव्या महिन्यात बाकावरच्या बायका तिरक्या नजरेने बघायला लागल्या. एका म्हातारीने तर विचारलंच, “का गं सिस्टर, काय लपवतेस?” मला राग आला आणि रडूही आलं.

शेवटी मी पाळकसाहेबांना भेटले. तरुण माणूस, निर्मळ, कॉलेजातून नुकताच आलेला. सगळं ऐकून घेतलं त्याने. मग म्हणाला, “तिला खरं सांगा. तिच्याजवळ क्षमा मागा. सत्याने कुणाचं नुकसान होत नाही.” त्याला या रोगाची माहिती नव्हती. मला होती. नऊ पाकिटं राहिलीत, ती माझ्या हातून घेते, दुसऱ्या कुणाच्या हातून घेणार नाही, हे मला दिवसासारखं स्पष्ट दिसत होतं. नऊ महिने थांबायला काय झालं होतं मला? कागद तिच्या हातात पडल्यावर पायाच धरता आले असते.

पण नाही थांबले. ते ओझं मला सोसवत नव्हतं. दर खेपेला ती नणंदेला शिव्या घालायची आणि मी मान डोलवायचे, ती मान मला जड झाली होती. आणि खरं सांगायचं तर मला प्याला पाहिजे होता. सगळ्यांसारखा हात पुढे करून घ्यायचा होता. मी त्याला विश्वास म्हटलं.

सोळावं पाकीट घेऊन गेले त्या दिवशी मळ्यात घड कापायची गडबड चालली होती. मजूर घड खांद्यावर घेऊन रस्त्याकडे नेत होते, म्हणून आम्ही विहिरीच्या मागच्या बाजूला बसलो. तिने मोठा डोस गिळला. मी तो गिळेपर्यंत थांबले, एवढी अक्कल शिल्लक होती. मग सांगितलं. नणंदेने काही केलं नाही. मी बोलले. प्रार्थनेत बोलले, तुझ्यासाठीच बोलले, पण बोलले. मला क्षमा कर.

तिला आधी समजलंच नाही. मी परत सांगितलं. तिने विचारलं, “कितल्या बाया व्हत्यात?”

“आठ.”

“तुम्ही मना रोग आठ बायासले सांगा?”

“देवाला सांगितला गं. देवाकडे मागायला.”

“देवले माहीत नव्हतं का अक्का?”

त्यानंतर ती ओरडली नाही, शिवी दिली नाही. नणंदेला इतक्या शिव्या दिलेली बाई, मला एक दिली नाही. उठली, खोलीत गेली आणि महिनाभराच्या गोळ्यांचं पाकीट बाहेर आणून माझ्या पिशवीवर ठेवलं. मी हात जोडले, म्हटलं, माझ्यावर राग काढ, गोळीवर नको काढू. तिने दार लावून घेतलं. मी पाकीट खिडकीच्या गजातून आत टाकलं. ते परत बाहेर आलं नाही, म्हणून मला आशा वाटली.

त्या रविवारी मी प्याला घेतला. बाकावरच्या म्हातारीने माझा हात दाबला. मला बरं वाटलं, हे लिहायची लाज वाटते, पण वाटलं.

पुढच्या महिन्यात गेले तर भाऊ बांधावर आडवा आला. म्हणाला, “बाई, ती म्हने तुम्हना हातनं कायबी नको.” त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. तिसऱ्या खेपेला मी पाकीट त्याच्या हातात कोंबलं. तो ते टोपीखाली लपवून घेऊन गेला, पण मला जाताना वाटलं, हा ते कालव्यात टाकणार. डॉक्टर म्हणाले, सरकारी माणूस पाठवू, जीप घेऊन जाईल. मी पाया पडून नको म्हटलं. त्या जीपवर रोगाचं नाव रंगवलेलं असायचं. ती जीप मळ्यावर उभी राहिली की गावाला कळणार, मग भाऊ तिला तिथेही ठेवणार नाही. एकदा बोलून वाटोळं केलं होतं, आता मी कुणाला काही बोलू देत नव्हते. मी स्वतः जाणंही थांबवलं. बरोबर केलं की चूक, मला आजही सांगता येत नाही.

त्यानंतर तिच्या नवऱ्याने वर्षभर वाट बघितली. हेही त्याच्याबद्दल सांगायला हवं. मग बोदवडकडचीच दुसरी बायको केली. पोर तिला मम्मी म्हणायला लागली. मला भिंतीपलीकडून ते ऐकवेना, मी मेहरूण सोडलं आणि दवाखान्याजवळ खोली घेतली.

चार वर्षांनी, गुरुवारच्या ओपीडीत, एक बाई रांगेत आली. केसपेपरवर नाव वाचून मी वर बघितलं. दोन्ही हातांची बोटं आत वळलेली. उजव्या पायाला तळव्यात जखम, फडक्यात गुंडाळलेली, वास येत होता. म्हणून भावजयीने हाकललं असणार. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तिने सांगितलं, माझं जाणं थांबल्यावर पहिल्याच पावसाळ्यात नसा सुजल्या होत्या, हातपाय ठणकले होते, ते तिला गोळ्यांमुळेच झालं असं वाटलं. मी असते तर सांगितलं असतं की अशा वेळी गोळी सोडायची नसते, वरून दुसरं औषध घ्यायचं असतं. सांगायला कुणी नव्हतं. राहिलेल्या गोळ्या तिने विहिरीत टाकल्या.

मी तिचा पाय पाटावर घेतला. धुतला, मेलेली कातडी कापली. तिला काही कळत नव्हतं, ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. मी तिला पोरीचं काही सांगितलं नाही, तिने विचारलं नाही. मला वाटलं, माझ्याशी बोलणारच नाही. मलम लावलं, तेव्हा ती बोलली. आवाजात राग नव्हता, हिशेब सांगावा तसं सांगितलं.

“अक्का, ते मले सांगाले नको व्हतं. नणंदवर राग व्हता, त्या रागवर मी जगत व्हती. गोळी तुम्हना हातनी घेत व्हती. तुम्ही एकच दिनम्हा दोन्ही लई गयात.”

माझ्या तोंडात शब्द आले होते. क्षमा कर, हेच. जीभ उचललीही होती. मग तिच्याकडे बघितलं आणि तोंड मिटलं. पट्टीचं टोक दातांनी फाडलं, दोन फेरे घातले, गाठ मारली.